चौदा नंबरचं टोक

सोमवार, ३

किल्ली मिळाली! आजपासून शिवणकामाच्या कारखान्यातलं सुयांचं कपाट माझ्या ताब्यात. आणि ती माझ्या हातावर ठेवली कुणी? मास्तरनं! मालकाला स्वतः म्हणाला, "पोरगी नेटकी आहे, नजर चांगली आहे. घ्या तिला."

नजर चांगली आहे—हे त्यानं पुढे विसरू नये म्हणजे झालं.

मालकाला सगळ्या बाया पाठीमागे भोंगा म्हणतात. साधं "बस" म्हणायचं तरी ओरडून म्हणतो. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "बावीस नंबरच्या मशीनवालीची बहीण ना तू?" मी मान डोलावली. मनात म्हटलं, तिचीच. तिच्यासाठीच आलेय.

इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच मागे फिरता येणार नाही. ज्या मास्तरनं माझ्या ताईला घरी बसवलं, त्याला मी घरी बसवणार. त्याच दारातून, तसाच मान खाली घालून निघाला पाहिजे.

मंगळवार, ४

नऊ सुया तुटल्या. मास्तर दोनदा येऊन "जमतंय ना?" विचारून गेला. जिभेवर साखर!

शुक्रवार, ७

काम तसं सोपं, पण किचकट. तीस मशीनं, सगळ्यांवर तान्ह्या बाळांची झबली. सुई तुटली की बाईनं हात मशीनवरून काढायचे आणि वर करायचे. हलायचं नाही, झटकायचं नाही. मग मी ताटली आणि लोहचुंबक घेऊन जाते. सगळे तुकडे शोधायचे, रजिस्टरात एकाखाली एक असे लावायचे की पुन्हा अख्खी सुई दिसेल. वरून पारदर्शक पट्टी. तारीख, मशीनचा नंबर, सुईचा नंबर, सह्या. मगच नवी सुई. बारीकसं टोक जरी मिळालं नाही तरी त्या मशीनचा सगळा माल अडवायचा आणि ते मिळेपर्यंत शोधत बसायचं. ताईच्या वेळी सुईवाली नव्हती. बाया आपापल्या तुकड्यांना पट्टी मारायच्या आणि मास्तर सही करायचा. तिच्या प्रकरणानंतर ही जागा काढली. आधीची सुईवाली लग्न करून गेली, म्हणून मी.

बोथट सुया, वाकड्या टाचण्या, बोथट झालेली पाती—हे सगळं पत्र्याच्या डब्यात. झाकणाला एक चीर आहे, आत जाईल पण बाहेर येणार नाही. बोथट सुया मी आधी पकडीनं मोडते, नाहीतर काटकसरी बाया पुन्हा लावतात.

झाडणाऱ्या मावशीनं आज तळहात दाखवला. "आधी केरात सुया यायच्या गं. बोटांची चाळण झाली होती नुसती. मास्तरनं हा डबा सुरू केला, तेव्हापासून एक टोचली नाही मला. देवमाणूस!"

देवमाणूस म्हणे. मी सुया मोडत राहिले. कट, कट, कट.

शनिवार, ८

शनिवारी डबा बंद करायचा असतो. मास्तर पातळ सिमेंट कालवतो आणि चिरेतून ओततो. सोमवारपर्यंत डब्याचा दगड होतो, मग भंगारवाल्याकडे. "आता हा कुणाला टोचणार नाही," म्हणाला, आणि डब्यावर हलकेच थाप मारली. लहान मुलाला निजवावं तशी!

ताई घरी बसून लोकांच्या उसवलेल्या बाह्या शिवते आणि हा इथे डब्याला थोपटतो.

बुधवार, १२

सापडलं!

जुनी रजिस्टरं कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात. जेवणाच्या सुट्टीत गेल्या वर्षीचं काढलं. मशीन बावीस. ताईची सही, खाली मास्तरची. पट्टीखाली सुईचे तीन तुकडे—वरचा जाड भाग, मधला आणि टोक. अख्खी सुई. कुणीही म्हणेल, यात वावगं काय?

पण मी नऊ दिवस दुसरं काय करतेय? पान खिडकीशी नेलं. पट्टीवरून नख फिरवलं. वरचे दोन तुकडे चौदा नंबरचे. टोक अकराचं! अकराची सुई बारीक असते. जोडाशी केसाएवढी पायरी आहे, नख बरोबर तिथे अडकतं. एका सुईला दुसरीचं टोक लावलंय!

म्हणजे ताई अक्षर न अक्षर खरं बोलत होती. "मी मास्तरला सांगितलं होतं, टोक मिळत नाहीये. तो म्हणाला, जा तू, मी बघतो." आणि त्यानं हे असं बघितलं. कुठूनतरी टोक उचललं, चिकटवलं, सही ठोकली आणि माल पुढे सोडला. खरं टोक गेलं झबल्यात. तीन महिन्यांनी ते पाकिटातून परत आलं, सोबत कुठल्या तरी आईचं पत्र. बाळाच्या मांडीत रुतलं होतं. झबल्यावर मशीनचा नंबर होता बावीस. ताईची ढमी तेव्हा सव्वा महिन्याची. ओल्या बाळंतिणीला बोलावून घेतलं, तीस बायकांसमोर उभं केलं आणि काढून टाकलं. आणि हा कानाला पेन्सिल लावून बाजूला उभा! तोंडातून एक शब्द नाही.

घरी आल्या आल्या ताईला सांगितलं. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती ढमीचं अंगडं घडी करत होती, तीच घडी मोडून पुन्हा घातली.

"जुनं झालं ते. उकरू नकोस."

"अगं, त्याला असंच सोडायचं?"

"तुला काम मिळालंय ना? ते कर नीट."

तेवढ्यात दूध उतू गेलं. समोर असून तिला दिसलं नाही. गाय आहे आमची ताई! गरीब गाय. तिला शिंगं नाहीत म्हणून तर हे दिवस आले. मला आहेत.

गुरुवार, १३

पान घेऊन सरळ भोंग्याकडे जावं? नको. मास्तर म्हणेल, घाईत लक्षात आलं नाही. भोंगा म्हणेल, शिळ्या कढीला ऊत नको, आणि रजिस्टर मिटेल. मला तो रंगेहाथ हवाय. एकदा केलं तो पुन्हा करतोच. बसू वाट बघत. काट्यानं काटा काढायचा.

शनिवार, १५

डबा ओतला. मास्तर सिमेंट ढवळता ढवळता विचारतो, "ताई बरी आहे? बाळ रांगायला लागलं असेल आता." शब्द घशात अडकले कसे नाहीत मेल्याच्या!

मंगळवार, १८

आज देव पावला.

नऊ नंबरच्या बाईला जाड दुमड जमत नव्हती. मास्तर म्हणाला, "ऊठ, दाखवतो," आणि स्वतः बसला. दोन झबली झक्क झाली. तिसऱ्याला सुई प्रेस बटणावर आपटली. खाड! चौदा नंबरची. मास्तरनं हात वर केले, अगदी नियमाप्रमाणे. तीस मशीनं थांबली. सगळ्या बाया बघतायत, मास्तर हात वर करून बसलाय!

मी ताटली घेऊन गेले. वरचा भाग मशीनच्या दांड्यातच अडकलेला, मधला त्याच्या मांडीवर. टोक नाही. बॉबिनच्या खाचेत लोहचुंबकाची कड घातली आणि लगेच, एका क्षणात, टिक् झालं. लागलं होतं. मी मूठ मिटली. तळव्याला बारीक टोचलं.

आणि म्हणाले, "नाही मिळत, मास्तर."

तो गुडघ्यांवर बसला. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, तो सारखा घसरत होता. अर्धा तास फरशी चाचपली. मी डबा मुद्दाम त्याच्या शेजारी ठेवला. आदल्या शनिवारनंतरचा, सिमेंट न ओतलेला, चिरेचं झाकण काढून. तरी कळेना, तेव्हा हळूच म्हटलं, "मास्तर, डब्यात चौदाची टोकं पुष्कळ आहेत."

तो एकदम थांबला. वर बघितलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सहज म्हटलं."

"पुन्हा म्हणू नकोस."

चोराच्या मनात चांदणं! उडाला ना रंग चेहऱ्याचा! तुला कुणी शिकवलं, असं विचारतो, जसं काही शिकवणारा दुसराच कुणी आहे.

टोक इथे चिकटवलंय. या पानावर, या ओळीखाली. रात्रीतून नाहीतर उद्या सकाळी तो रजिस्टरात दुसरं टोक लावणारच. सोमवारी माल घेणारी बाई तपासणीला येतेय. तिच्यासमोर म्हणणार—थांबा. त्या पानावर अख्खी सुई आहे ना? मग हे काय आहे?

बुधवार, १९

लावलं नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. पान तसंच. दोन तुकडे, खाली मोकळी जागा. त्यात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, "टोक मिळाले नाही. माल अडवला." खाली सही.

नऊ नंबरचीच नाही, तर शेजारच्या दोन्ही मशीनची झबलीसुद्धा अडवली. सहाशे चाळीस! लोहचुंबकाचा उपयोग नाही, प्रेस बटणं आहेत ना, तो सगळीकडेच चिकटतो. सुया शोधायचं यंत्र "आणतो, आणतो" म्हणून भोंग्यानं वर्ष काढलं. म्हणून एकेक दुमड उसवायची, बोटांनी चाचपायची, पुन्हा शिवायची. मास्तर कोपऱ्यात टेबल मांडून बसला. बायांना म्हणाला, "तुम्ही आपलं काम करा. माझ्या हातची सुई आहे, मी बघतो."

नाटक! तपासणी आलीय म्हणून साळसूदपणा. सुंभ जळतो, पीळ जात नाही. दम निघेल दोन दिवसांत.

गुरुवार, २०

भोंगा आज असा वाजला की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. "एका टोकासाठी सोमवारचा माल बुडवणार तू? गेल्या वर्षी नाक कापलंस, आता गळा काप! सोमवारी माल गेला नाही तर तूही घरी जा!"

तूही घरी जा!! मी कपाटाआड उभी राहून ऐकलं. इतके महिने हेच वाक्य ऐकायचं होतं मला. आनंद व्हायला हवा होता. झालाच. म्हणजे, होतोय.

मास्तर एवढंच म्हणाला, "टोक मिळाल्याशिवाय एक झबलं देणार नाही. ती बाळं बोलून सांगत नाहीत." आणि पुन्हा खाली मान. दोनशे दहा झाली. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळल्यात. मावशीनं चहा नेऊन दिला, तो तसाच गार.

गेल्या वर्षी कुठे गेली होती ही अक्कल? गेल्या वर्षीची बाळं काय बोलून सांगत होती?

संध्याकाळी मला म्हणाला, "तू जा घरी. ताई वाट बघत असेल." दात ओठ खात आले.

शुक्रवार, २१

सगळं क्रमानं लिहिते.

साडेपाचला घरी आले. ताई मोरीत कपडे धूत होती. ढमी खोलीच्या मध्यावर सतरंजीवर बसलेली, आणि तिच्या पुढ्यात ही वही. माझ्या उशीखालून ओढलेली. पानं चुरगळलेली, अठराव्या तारखेचं पान अर्धं फाटलेलं आणि ओलं. चघळलं होतं तिनं! पट्टी तिच्या हनुवटीला चिकटलेली. मोकळी पट्टी.

रजिस्टरात रोज चार बाजूंनी पट्टी मारणारी मी, इथे एकच चिकटवली होती, घाईत. कारखान्यात एक टाचणी केरात जाऊ देत नाही आणि घरात, रांगत्या पोरीच्या घरात, ते टोक उशीखाली ठेवून झोपत होते तीन दिवस!

"ताई!"

ती आली. माझं तोंड बघितलं, पट्टी बघितली. काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षं त्या कारखान्यात काढलीत तिनं.

"सुई?"

"टोक."

"नंबर?"

"चौदा."

आधी ढमीला उचललं नाही. तिच्याजवळ बसली आणि बोट तोंडात घातलं, गालांत, जिभेखाली, टाळ्याला. ढमीला गंमत वाटली, ती चावायला लागली. मग दोन्ही मुठी उघडल्या, एकेक बोट. मी केरसुणी उचलली तर खेकसली, "ठेव ती! उडवशील. हलू नकोस, आहेस तिथेच उभी राहा." ताई माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती.

पडदे ओढले, दिवा घालवला. बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरली, म्हणजे बारीकसारीक वस्तूचीही सावली पडते. लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि वीत वीत पुढे सरकत गेली. सतरंजीच्या प्रत्येक घडीतून. एक केसाची पिन लागली, दोन टाचण्या लागल्या. टोक नाही. गिळलं असेल तर? हे दोघींच्याही मनात होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, मला टोचू दे. माझ्या डोळ्यात जाऊ दे, पण हिला नको.

"असं शोधायचं असतं," ताई मध्येच म्हणाली. मला नाही, फरशीला.

शेवटी ढमीचे पायमोजे काढले. उजव्या मोज्याच्या तळाला, लोकरीत, आडवं. टिक्! कातडीला लागलंही नव्हतं. ढमी हसत होती.

ताईनं ते तळहातावर घेतलं आणि दिव्याखाली नेलं. मी सगळं सांगून टाकलं. मूठ मिटली ते, डबा उघडा ठेवला ते, सहाशे चाळीस झबली, भोंगा काय म्हणाला, सोमवार. "तुझ्यासाठी केलं, ताई. तुझं उट्टं काढलं."

मला वाटलं, थोबाडीत देईल. वहीमुळे, ढमीमुळे. दिली असती तरी चाललं असतं. तिनं फक्त विचारलं, "त्यानं दुसरं टोक लावलं नाही?"

"नाही."

"तू डबा पुढे ठेवलास तरी?"

"नाही लावलं. लिहून दिलंय, मिळालं नाही म्हणून."

ती खाली बसली. ढमीला मांडीवर घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की पोरगी रडायला लागली. मग टोक औषधाच्या रिकाम्या डबीत घातलं, झाकणाला चारी बाजूंनी पट्टी मारली. जेवली नाही. मीही नाही.

शनिवार, २२, सकाळी

ताई आत्ता बोलली. माझ्याकडे पाठ करून, ढमीचं जावळ विंचरता विंचरता.

"मी मास्तरला काही सांगितलंच नव्हतं. आठवा महिना होता, पाय सुजले होते, गुडघ्यावर बसून शोधायचं त्राण नव्हतं. मशीनच्या खणात एक जुनं टोक पडलं होतं, ते लावलं. त्यानं विचारलं, 'सगळं मिळालं?' मी हो म्हटलं. तो म्हणाला, 'तू उभी राहू नकोस, बस,' आणि न बघताच सही केली." मग म्हणाली, "मला काढलं त्या दिवशी त्यानं ते पान माझ्यासमोर उघडलं. पट्टीवरून नख फिरवलं. मग रजिस्टर मिटलं. मालकाला बोलला नाही."

म्हणजे ती पायरी त्याच्याही नखाला लागली होती.

ताईनं साडी बदललीय, ढमीला शेजारणीकडे ठेवलंय. म्हणते, "चल, मीही येते." डबी तिच्या हातात आहे. फाटक आठला उघडतं. मास्तर सहापासून झबली उसवत बसलेला असेल.